दुसरं माणूस येईपर्यंत

सोमवार, ५
आजपासून मी घरभेटीची सिस्टर. निळी बॅग, बीपीचं यंत्र, नवे बूट, आणि एकतीस घरांची यादी. नियमाने एका सिस्टरला बारा घरं. पण दोघी सोडून गेल्या, त्यांची घरं माझ्या पदरात. पदर फाटला तर शिवून घे, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसले.
खरं तर हे काम मी घरीच शिकले. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही बहिणी पाळीपाळीने बसायचो. आईचा दंडक होता, दुसरं माणूस आल्याशिवाय आजाऱ्याच्या उशापासून उठायचं नाही. नर्सिंगच्या पुस्तकातलं बाकी सगळं त्यानंतरचं.

मंगळवार, ६
अठरा घरं झाली. कॅथेटरवाले मास्तर मला रोज मार्क देणार आहेत. आज दहापैकी सहा, हात गार म्हणून. सगळ्यात लाडकी आठ वर्षांची चिमणी. तिला इन्सुलिन द्यायला घरात फक्त आजी, आणि आजीला दिसत नाही. उद्या दहा मिनिटं लवकर निघायचं.

गुरुवार, ८
तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग केलं, उठले, तर त्यांचा श्वास थांबला. बसले, सुरू झाला. पाच वेळा करून पाहिलं. सूनबाई दारातूनच म्हणाल्या, आधीच्या सिस्टरचंही असंच व्हायचं, बसा ना जरा. अण्णांचा मुलगा माझ्या जागी बसला, उपयोग झाला नाही. अण्णांना तुमचाच लळा, असं म्हणून तो ऑफिसला गेला.
मोठ्या सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, बदली पाठवते, तोवर हलू नकोस, अण्णा गेले तर तुझ्या नावावर.

शुक्रवार, ९
बदली आली नाही. फोनवर एकेका घराला समजावतेय. चिमणीला शेजारीण इंजेक्शन देईल. सूनबाईंनी लघवीसाठी अण्णांचंच भांडं मला दिलं. धुतलेलं आहे, म्हणाल्या.

रविवार, ११
मास्तर गेले. नळी तुंबली होती, बदलायला कोणी नव्हतं.
मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चला, तीस राहिली. तुझंच ओझं हलकं झालं.

बुधवार, १४
बावीस. काही गेले, काहींनी कंटाळून नाव काढलं. अण्णांचे गाल भरलेत. सूनबाई कौतुकाने म्हणतात, तुमचा हातगुण. माझी नखं निळसर दिसतात. आधीची सिस्टर कुठे असते, असं विचारलं. त्या चादर बदलायला लागल्या.

शनिवार, १७
बारा. मोठ्या सिस्टरचा फोन, अभिनंदनाचा. यादी नियमात बसली, आता बदलीची गरज नाही, असं वरून आलंय. मी रडले तर म्हणाल्या, एवढ्या कमी घरांत रडतेस, आमच्या वेळी—
पुढचं ऐकलं नाही.

रविवार, १८
चिमणीच्या आजीचा फोन. शेजारीण गावाला गेलीय, दोन दिवस इंजेक्शन नाही. पोर उठवून उठत नाही, तोंडाला गोडसर वास. दवाखान्याची गाडी सिस्टरच्या सहीशिवाय निघत नाही. मला म्हणाली, बाई, तू नुसती ये.
पाच गल्ल्या. धावत गेले तर सात मिनिटं.
अण्णा ब्याऐंशी. ती आठ. असा हिशेब करू नये हे मला माहीत आहे. करतेय.

तिथेच, थोड्या वेळाने
बूट घातले. अण्णा, माफ करा. आई, तूही. उठते.

—उठले. थांबला. दारापर्यंत आले. डोळ्यांपुढे अंधारी.
पण अण्णांची छाती वरखाली होतेय. शांत. झोपलेत.
थांबला तो श्वास त्यांचा नाही.
खुर्चीकडे परत— नाही. चिमणी.
सूनबाई आत फोनवर. म्हणतायत, नवी पाठवा, ही पण
उंबरा. एक पाय बाहेर. दुसरा