तीन बोटं, पण कुणाची?

मंगळवार, संध्याकाळ. गिंडी, कॅन्सर वॉर्ड.

केमोनंतर कावेरीआजींच्या पोटात दोन दिवस काही ठरत नव्हतं. औषधं चालूच होती. सोबत मी, अ‍ॅक्युप्रेशरच्या ऑनलाइन कोर्समध्ये शिकल्याप्रमाणे, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजून दाब दिला. मळमळ तशीच.

सेल्वी सिस्टरांनी विचारलं, "डॉक्टर, बोटं कुणाची मोजलीत?"

माझी. मोजायची असतात पेशंटची. आजींची बोटं किती वाळलीत, हे मी पाहिलंच नव्हतं.

आजी म्हणाल्या, "पोरी, हात माझा आणि माप तुझं?"

सिस्टरांनी आजींचीच बोटं ठेवून जागा शोधली. नंतर दोन चमचे दहीभात गेला. दाबामुळे की औषधामुळे, सांगता येणार नाही.

पुढचा ऑनलाइन कोर्स घ्यायचा की वॉर्डातलं प्रशिक्षण? वॉर्डातलं. अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता. ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. तीन बोटं आठवली. 'नाही' लिहिलं.