जीपचं टोकन

मुरबाड, शनिवार, मार्च २००४

सुटले एकदाची! सादरीकरण झालं.

इनोव्हेशन मॅनेजमेंटच्या तासाला वर्षभर मोठमोठ्या कंपन्यांच्या केस स्टडी वाचल्या. त्यांत सगळ्यांचं सगळं जमलेलंच. आमच्या गटाचा प्रकल्प काय, तर मुरबाड-कल्याण जीपला टोकन! रुमाल टाकून जागा धरायची झोंबाझोंबी बंद, नंबर घ्या आणि निवांत राहा. लोक निवांतच झाले. टोकन खिशात घालून कुणी चहाला, कुणी बाजारात. रुमाल टाकणारा निदान त्यावर डोळा ठेवून जीपजवळ उभा असतो. ड्रायव्हर बबनदादा ओरडत होते, "टोकनं संपली गो, माणसं कुठं हायत?" गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. रोज त्याच जीपने कल्याणला कॉलेजला जाते मी, तरी हे रुमालाचं मला आधी सुचू नये?

'प्रयोग यशस्वी' असं ठोकून देऊ, हा गटातल्या संदेशचा हट्ट. कालपर्यंत मीही मान डोलवत होते. आज वर्गासमोर उभी राहिले आणि जे झालं तेच सांगत सुटले. संदेशने कपाळाला हात लावला. वर्ग हसला. हसून झाल्यावर सर म्हणाले, "वर्षभरात पहिली फसलेली केस ऐकली. पास."

संध्याकाळी कल्याणला बबनदादांना ही बातमी दिली, पुढच्या सीटवर रुमाल टाकला आणि चहाला वळले. त्यांनी रुमाल उचलून माझ्या हातात ठेवला.

"पास झालीस ना? मग बस आता गाडीत."