डब्यातल्या तामणीची व्यवस्था

मी, राघो सोमा रोकडे, वय सदुसष्ट, धंदा माळीकाम (आता बंद), राहणार खारबाव, तालुका भिवंडी, तथागतांना वंदन करून हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, छातीचा मात्र भरवसा नाही. कुणाची जबरदस्ती नाही.

१. खारबावचं दोन खोल्यांचं घर आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी कौसल्या हिची. तिच्या हयातीत तिला कुणी घराबाहेर काढू नये.

२. कुदळ कौसल्याकडेच राहावी. झारी आणि विळा धाकटा भाऊ गोदू याला. छाटणीची कात्री देऊ नये. मागे मागून नेली आणि त्या गाढवाने कात्रीने कुंपणाची तार कापली. गंजू द्या, पण त्याला नको.

३. दारात पत्र्याच्या डब्यात तामणीचं रोप आहे, त्याबद्दल.

धामणकर नाक्याजवळ एका शेठजींच्या बंगल्यावर मी तीस वर्षं बाग राखली. लोक पावसात झाडं लावतात. शोभेचं रोप दसऱ्यानंतर आठवडाभरात लावावं, हा माझा नेम. पाणी ओसरलेलं असतं, मातीत ओल असते, थंडीआधी मूळ धरतं. माझं एकही रोप मेलं नाही. त्याचा मला फार ताठा होता.

१९८५ च्या श्रावणात ही तामण मी कमळासाठी आणली. कमळा आमची एकुलती एक लेक, सोळा वर्षांची, काविळीने अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "आबा, आजच लावा ना. मला खिडकीतून दिसंल."

मी म्हणालो, "आत्ता न्हाय गो. मूळ कुजंल. दसरा होऊ दे."

रोज विचारायची. रोज मी तेच सांगायचो. भाद्रपदात ती गेली.

दसऱ्यानंतर मी खड्डा खणायला घेतला, तेव्हा कौसल्या म्हणाली, "आता कुणाला दाखवायचंय?" मी कुदळ खाली ठेवली. आठ वर्षं दरसाल मुळं छाटून रोप त्याच डब्यात जगवलं. तिच्याशी या विषयावर बोललो नाही. इथे लिहितो: कौसल्या, माझं चुकलं.

४. मी गेल्यावर रोप दसऱ्यानंतर लावावं, असं लिहायला बसलो होतो. ते रद्द. आज श्रावण आहे, खड्ड्यात पाणी साचेल, शहाणा माळी आज रोप लावणार नाही. सह्या झाल्या की मी ते खिडकीसमोर लावणार आहे. जगलं तर कौसल्याचं. मेलं तर माझं.

हे सगळं कौसल्याला वाचून दाखवलं. ती कुदळ घेऊन बाहेर गेली आहे.

राघो सोमा रोकडे (सही)

साक्षीदार:
दाजी धोंडू जाधव, शेजारी (सही)
पुतळाबाई लक्ष्मण तांबे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

खारबाव, ४ ऑगस्ट १९९३