परड्यातली खापरं

ती. आक्काला शालनचा कोल्हापुराहून नमस्कार,

त्या सकाळी मी सडा टाकला, चूल पेटवली आणि माठ विसळून ताजं पाणी भरलं. हे उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्याले आणि रानात गेले. तिथंच त्यांना मरण आलं. सुतक फिटलं तेव्हा रीतीप्रमाणं घरातली सगळी मातीची भांडी आपण दोघींनी घरामागच्या परड्यात नेऊन फोडली. तो माठही फोडला.

माझी काळजी करू नकोस. स्वप्नाली सून असली तरी लेकीसारखं बघते. जेवण जातं. झोप तेवढी लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

परवा नातीबरोबर इथलं संग्रहालय पाहिलं. काचेत फार जुनं, रंगवलेलं मडकं आहे. तांबड्यावर काळ्या रेघा, तुकडे जोडून उभं केलेलं. पाटीवर लिहिलंय, पाणी साठवण्यासाठी. काठ एका अंगाला झिजलाय. ह्यांच्या तांब्यानं आपल्या माठाचाही तसाच झिजला होता. मी तिथून हलेना, तेव्हा रखवालदार म्हणाला, "मावशी, मडकंच हाय की! तुमच्या घरात न्हाय व्हय?"

"होतं," मी म्हणाले.

सुतकात टाकलेली वस्तू परत घ्यायची नसते, हे मला ठाऊक आहे, आक्का. तू रागावशील. पण तुझा गुंडू आता त्याच परड्यात गोठ्याचा पाया खणणार. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि सांगितलं, खापरं निघाली तर फेकू नको, पोत्यात भरून ठेव, मी न्यायला येते.

तुझी धाकटी जाऊ,
शालन