ठासणीची रायफल, गोल गोळी आणि वन्संची लांबट गोळी

मी, शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसायाने बंदुका दुरुस्त करणारी, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, अशी डॉक्टरांनी लेखी खात्री दिली आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसे काही लिहून दिले नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी आणलेच, तर ते माझ्यावर चालत नाही हे घरचे जाणतातच.

कलम १. वरचा मजला, बँकेतली शिल्लक आणि भांडीकुंडी मुलाला. सून स्वयंपाकघराची मांडणी बदलेल. खुशाल बदलावी, मीही सासूची बदलली होती.

कलम २. खालच्या मजल्यावरची कामाची खोली माझ्या नणंदेकडे, म्हणजे वन्संकडे, त्या हयात असेपर्यंत राहावी. त्या मागच्या खोल्यांत राहतात आणि या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहेच. लेथ दुकानातल्या कारागिराला द्यावे. त्याने यंत्राला वेळेवर तेल द्यावे. हे मी जिवंतपणी रोज सांगते, मेल्यावर एकदाच सांगते.

कलम ३. समोरचे बेकरीवाले नेमबाजीच्या मैदानावर दरवेळी माझ्या जागेवर उभे राहतात. ती जागा त्यांना देऊन टाकली. तिथे दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येते, हे मी त्यांना आजवर सांगितलेले नाही.

कलम ४. कपाटातली बंदुकीची काळी दारू घरात ठेवू नये. नेमबाजी क्लबच्या परवानाधारकाकडे सोपवावी. बारीक दाण्याची लवकर पेटते आणि जोरात धक्का देते, जाड दाण्याची सावकाश ढकलते, म्हणून डबे मिसळू नयेत. हल्लीची बिनधुराची दारू जुन्या नळीत कोणीही, अगदी चिमूटभर, घालू नये. नळी फाटते आणि माणूसही.

कलम ५. आता ठासणीची रायफल, तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ती. खरे तर हे मृत्युपत्र मी तिच्यासाठीच लिहायला बसले.

ती माझ्या सासऱ्यांनी केली, हयातीतली शेवटची. त्यांनी वन्संना, म्हणजे आपल्या लेकीला, सांगितले की हिच्यात लांबट गोळी घाल, वाऱ्यात ढळत नाही. मला सांगितले की सूनबाई, गोल गोळी घे, तेलकट चिंधीत गुंडाळून ठास. ते गेले आणि पुढच्याच स्पर्धेत माझ्या गोळ्या कागदाच्या कडेला भिरभिरल्या. मी म्हटले, वन्संच्या लांबट गोळ्यांचे शिसे नळीच्या आतल्या खाचांत बसले आहे. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, दारूचा मारा करून तुम्हीच नळीची वाट लावलीत."

तेव्हापासून आम्ही एकमेकींशी मुलाच्या तोंडून बोलतो. त्या गुरुवारी रायफल नेतात, मी रविवारी. परत आणली की त्या साफ करून ठेवतात. मग मी पुन्हा साफ करते. मी ठेवली की त्याही तेच करतात, हे मला चिंध्यांच्या टोपलीवरून कळते. इतकी स्वच्छ नळी जगात दुसरी नसेल, आणि तरी ती आम्हा दोघींचेही नीट ऐकत नाही.

वकिलांनी रायफलीचे नेमके वर्णन मागितले. म्हणून मी प्रथमच नळीचा पीळ, म्हणजे आतल्या खाचा किती लांबीत एक फेरा घेतात ते, मोजला. ठासणीच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गजावर खूण करायची, हळू आत सारायचा आणि खूण किती फिरते ते पाहायचे. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, लांबटीला वेगाचा. मला वाटले होते, आमच्यापैकी एक खोटी पडणार. पीळ निघाला अधलामधला. आधी चष्म्याला दोष दिला. चष्मा पुसून मोजला, तरी तोच.

म्हणजे सासऱ्यांनी दोघींना खरेच सांगितले होते. ही नळी दोन्ही गोळ्यांची आहे. फक्त गोल गोळीला दारू कमी हवी, नाहीतर ती खाचा सोडून निसटते, आणि मी तर भरपूर घालत होते. लांबट गोळीही आखूडच हवी, आणि वन्संचा गोळ्या ओतायचा साचा लांब आहे. परवान्यावर सासऱ्यांनी दोघींची नावे घातली होती, तेव्हाच हे कळायला हवे होते. आम्ही दोघी इतकी वर्षे नळीच पुसत बसलो.

माझ्या मृत्यूनंतर ही रायफल पूर्णपणे वन्संची.

हे लिहून झाले आणि मला रडू आले. मरायचे वाईट वाटत नाही. पण कमी दारूवर ती नळी कशी बोलेल, बारीक दाणा मागेल की जाड, हे मला कळणार नाही, याचे फार वाईट वाटते.

वन्संना साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, मिळालेले हातचे जाते. वन्संनी पेन खाली ठेवले. मी गज त्यांच्यापुढे केला. त्यांनी स्वतः मोजले, मग परत मोजले. माझ्या मोजण्यावर त्यांचा विश्वास नव्हताच.

"बाबा म्हणाले होते, वहिनीला विचार," त्या म्हणाल्या. "मी नाही विचारलं."

"मीही कुठे विचारलं," मी म्हणाले.

त्या बराच वेळ नळीतून खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "साचा कापून आखूड करता येईल का हो?"

मी म्हटले, लेथ अजून माझेच आहे.

दुरुस्ती: कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून "येत्या रविवारपासून", आणि "पूर्णपणे वन्संची" हे शब्द खोडून "दोघींची, मागे राहील तिची" असे वाचावे. खाडाखोड मीच केली आहे आणि प्रत्येक ठिकाणी सही केली आहे.

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: शुक्रवार, दुपार

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)
२. समोरचे बेकरीवाले (सही, कलम ३ त्यांना वाचून दाखवलेले नाही. जागा फुकटची असल्याने कायद्याला त्याचे काही नाही, असे वकील म्हणतात.)