साडेसातचं गेट

२२ जानेवारी, गुरुवार

"पदव्युत्तर वसतिगृहातल्या मैत्रिणींनो! आपली गावं वेगळी, विषय वेगळे, पण दुखणं एकच — साडेसातचं गेट!"

सुरुवात बरी झालीय. पुढचं सुचत नाही.

आज मनाल पुन्हा गेटाबाहेर बसली. दहा मिनिटं उशीर! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बादली, बादलीत मोजपट्टी. वॉर्डन मॅडम आतून म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा." मग अर्धा तास बाकावर. आणि समोरच मुलांचं हॉस्टेल! त्या गेटाला कुलूप मी कधी पाहिलेलं नाही. दर्शन आणि मंडळी चहा पिऊन नऊला रमतगमत येतात.

मनाल हर्ण्याची. प्राणिशास्त्र, एमएस्सीचं शेवटचं वर्ष. तिचा प्रकल्प खाडीच्या चिखलातल्या कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर. कुर्ल्या बिळाबाहेर येतात अंधार पडल्यावर, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. दोन्ही जुळतं ते अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तीन-चार संध्याकाळी. नेमकी तेव्हाच आमची अब्रू धोक्यात येते!

तिच्या गाइड सरांनी आज स्पष्ट सांगितलं — फेब्रुवारीतल्या अमावास्येनंतरच्या नोंदी नसतील तर विषय दर्शनला. तोही त्यांच्याचकडे आहे. चिखल मनालचा, नाव दर्शनचं.

मी राज्यशास्त्राची. कुर्लीचं मला ढिम्म कळत नाही. अन्याय कळतो.

२३ जानेवारी

शमिका म्हणते, "अक्षया, झोपेत पण भाषण करत्येस गो. 'बंधूंनो' म्हणालीस. आपल्या खोलीत बंधू कोण मेला?"

२७ जानेवारी

प्राचार्यांना भेटलो. मी, शमिका, मनाल.

सर प्रेमळ आहेत. हाच त्रास आहे! चहा मागवला. "अगं, दिवसा जा की. खाडी काय पळून जात्येय?"

मी म्हटलं, "हो सर, पळते. दिवसातून दोनदा."

शमिकाला ठसका लागला. सर हसले नाहीत. "तुमच्या काळजीपोटीच आहे हे सगळं. उद्या काही झालं तर तुमच्या आईवडिलांना मी काय सांगू?"

सत्ता काठी घेऊन आली की मी तिला शंभर पावलांवरून ओळखते. चहा घेऊन आली की गडबडते. एवढं वाचलं, पण या बशीतल्या बिस्किटाला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

बाहेर आल्यावर मनाल म्हणाली, "बरोबर बोललीस. पण सर चिडले."

"चिडू देत!"

"तुझ्यावर नाही चिडले."

३० जानेवारी

आज कँटीनच्या पायऱ्यांवर बोलले. बोलले कसली — पेटले! लायब्ररी नऊपर्यंत उघडी, ती कुणासाठी? रसायनशास्त्राच्या लॅबची किल्ली संध्याकाळनंतर फक्त मुलांना का? "समुद्राला वॉर्डनची सही लागत नाही!" — यावर एवढ्या टाळ्या पडल्या की पुढचं वाक्य मीच विसरले. मुलांनीही वाजवल्या. दर्शनने शिट्टी मारली.

मनालला पुढे ओढलं. म्हटलं, तू सांग. तिने मान हलवली आणि मागे जाऊन खांबाला टेकून उभी राहिली. बुजली बिचारी.

चिपळूणहून बाबांचा फोन. व्हिडिओ तिथवर पोचलाय! "आवाज बरा लागला होता," एवढंच म्हणाले. आजचा दिवस माझा.

३ फेब्रुवारी

नोटीस लागली. मुलांनाही साडेसात! "समान नियम." समता मागितली, आणखी एक कुलूप मिळालं.

कँटीनमध्ये दर्शनने सगळ्यांदेखत हात जोडले. "बाई, तुमच्या क्रांतीत आमचा चहा गेला."

३० तारखेला टाळ्या वाजवणारे हात हेच होते.

६ फेब्रुवारी

मुलांची नोटीस मागे. भाषण नाही, पायऱ्या नाहीत, टाळ्या नाहीत. कुणाच्या तरी वडिलांनी फोन केला म्हणे. बस्स.

आमची तशीच.

९ फेब्रुवारी

काय लिहू!

मनाल दुपारी खोलीत आली. दार लावून घेतलं. वॉर्डन मॅडमनी बोलावलं होतं तिला. तिला परवानगी मिळतेय — तिला एकटीला. अमावास्येनंतरच्या चार संध्याकाळी, सोबतीला एक मुलगी, परत यायचं नवाच्या आत. अट एकच: एकोणीसला शिवजयंतीला मी स्टेजवर बोलणार आहे, त्यात गेटाचा ग सुद्धा नको.

मी म्हटलं, "हा सौदा आहे."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस?"

"तुला विचारते म्हटलं."

मग मी जे बोलले ते इथे लिहवत नाही. एक शब्द तरी लिहायलाच हवा — "विकाऊ." मी मनालला विकाऊ म्हटलं. मनालला! जिच्या नखांतला चिखल आठवडाभर निघत नाही!

ती ओरडली नाही. "अक्षया, तू बोललीस, तुला टाळ्या मिळाल्या. मला काय मिळालं सांग. मला भाषण नको गो. मला चार संध्याकाळी पाहिजेत."

आणि गेली. पाण्याची बाटली इथेच विसरली.

१० फेब्रुवारी

बाटली तिच्या दाराशी ठेवून आले. हाक मारायचं धाडस झालं नाही.

१४ फेब्रुवारी

बोलले तर मनालचं वर्ष जाईल. गप्प बसले तर बाकी सगळ्या आत. दोन्ही बाजूंनी दहा-दहा युक्तिवाद करता येतात मला. वादविवादाच्या ढाली मिळवल्यात मी त्यावर. आज त्या ढालींकडे बघवत नाही.

मनालला कळवलं — बोलणार नाही.

शमिकालाही सांगावं लागलं. तिचा चेहराच उतरला. तिचा रसायनशास्त्राचा प्रयोग आठ-आठ तास चालतो. दुपारी लावला की अर्ध्यावर सोडून धावत यावं लागतं.

"म्हणजे तिच्या कुर्ल्या महत्त्वाच्या, आणि आम्ही काय भाजीपाला?"

"शमे, तिचा विषय जाईल."

"आणि माझा? माझ्यासाठी कोण गप्प बसतंय?"



१९ फेब्रुवारी, गुरुवार

बोलले. पूर्ण वेळ. गड, आरमार, शिस्त, रयत. आवाज खणखणीत. गेटाचा ग नाही.

मधेच एक वाक्य तोंडाशी आलं होतं — गडाचे दरवाजे कुणासाठी बंद व्हायचे आणि कुणासाठी उघडायचे. गिळलं. पहिल्या रांगेत वॉर्डन मॅडम माझ्या ओठांकडे बघत होत्या.

टाळ्या पडल्या, पण आमच्या मुलींच्या रांगेतून एकही नाही. प्राचार्य सर जवळ येऊन म्हणाले, "समजूतदार झालीस!" आजवर कुणी मला एवढी मोठी शिवी दिलेली नाही.

संध्याकाळी साडेपाचला दारावर टकटक. मनाल, बादलीसकट. "सोबतीला कोणी यायला तयार नाही. येत्येस?"

गेले.

महिनाभर मी त्या चिखलावर गर्जत होते. पाय आज पहिल्यांदा घातला! दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत. चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. मनाल हसली, दहा दिवसांत पहिल्यांदा. "पाय वर नको ओढू, आधी टाच सोडव. हर्ण्याच्या पोरी चालायच्या आधी हे शिकतात."

आज तिचा पहिला रोजा. सूर्य बुडाला, पलीकडच्या मोहल्ल्यातून अजान आली. तिने पिशवीतून खजूर काढला, एक मला दिला. चिखलातच उभ्या राहून खाल्ला. मी म्हटलं, "मनाल, मी त्या दिवशी..."

"खजूर खा."

कुर्ल्या बिचकू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावलेला. तो माझ्या हातात. अंधार झाला आणि एका बिळातून आधी नांगी आली, मग डोळे. मी ओरडणारच होते!

"शू! बोललीस की आत जातात."

एक तास मी बोलले नाही. एक तास! आणि चिखलभर कुर्ल्या बाहेर आल्या. मनाल वाकून मोजत होती, वहीत आकडे टाकत होती. तिला कुणी बिचारी म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बुजरी म्हणून मी तिला किती दिवस परस्पर निकालात काढलं होतं!

साडेआठच्या सुमाराला परतलो. वॉर्डन मॅडमनी गेट उघडलं, आम्ही दोघी आत, गेट पुन्हा बंद. वर बघितलं तर खिडकीखिडकीत मुली. शमिकाही. नुसत्या बघत होत्या.

मनाल बादली घेऊन तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, चल. तिने विचारलं, "शमिकाचा प्रयोग किती वाजता संपतो?"

"आठला. संपूच देत नाहीत."

"हं," म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटेची सहरी आटपून मनालने वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकलंय. वॉर्डन मॅडमही त्या ग्रुपवर आहेत. तिला ते माहीत आहे. मी एक शब्दही सुचवलेला नाही. जसंच्या तसं उतरवते —

"वसतिगृहातल्या सगळ्यांना. गेट आपल्या सगळ्यांचंच साडेसातला लागतं. मला एकटीला परवानगी मिळाली, मी घेतली. काल आत येताना तुम्हाला खिडक्यांत बघितलं. विषय गेला तर जाऊ दे. दर्शन कुर्लीला घाबरतो, त्याला जमलं तर करू दे. मॅडम म्हणाल्या होत्या, सोबतीला एक मुलगी ने. मला एक पुरत नाही. आज सहा वाजता जुन्या चपला घालून गेटावर या. खाडीवर जाऊ, नवाच्या आत परत येऊ. सगळ्या जणी."