कोटाच्या खिशातला मका

१२ ऑगस्ट

चि. बारक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक, म्हणजे मी आणि कोंबड्या. मक्याचा भाव पुन्हा चढलाय. दुकानदार म्हणतो, मका हल्ली इंधन होऊन गाड्यांच्या पोटात जातो, कोंबड्यांच्या पोटात कुठून येणार? अंडी महाग केली तर शेजारीण तोंड फिरवते. व्यापारी सगळ्या कोंबड्या उचलायला तयार आहे. तू म्हणतोस, थांब, आमच्या कारखान्यात शेवाळापासून इंधन निघू लागलं की मक्याला कुणी विचारणार नाही. हेच तू मागच्या वर्षीही लिहिलं होतंस. बारक्या, कुठंतरी पाणी मुरतंय. थांबू की विकू, ते सरळ सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ताई

२५ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या तोंडाचा वास घेऊन गुळाची चोरी पकडायचीस, ती सवय अजून गेली नाही! शेवाळ झकास वाढतंय. हौद हिरवेगार झालेत, माझे हात दिवसभर त्यातच. जरा कळ काढ, कोंबड्या विकू नकोस. सोबत कामाचा कोट पाठवतोय. कोपरावर फाटलाय, नेहमीसारखा शिवून दे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, बारक्या

३ सप्टेंबर

चि. बारक्यास,

कोट मिळाला. दिवसभर हौदात हात घालणाऱ्याच्या बाह्या अशा कोरड्या ठणठणीत? झटकला तर पिवळा भुसा उडाला, मला शिंकांवर शिंका. खिसा उलटा केला तर मक्याचे दाणे पडले. कोंबड्या धावल्या. तुझ्या शब्दावर त्या व्यापाऱ्याला दोनदा परत पाठवलंय मी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तू नक्की काय काम करतोस?

ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

विकून टाक. शेवाळ थाप नव्हती गं. काचेच्या बरणीत छान वाढायचं, मोठ्या हौदात घातलं की कुजायचं. चार-पाच जण अजून खटपट करताहेत, आम्हा बाकीच्यांना मक्याच्या गाड्या येतात त्या फाटकावर लावलंय. वर्षभर मी मकाच उतरवून घेतोय. त्याचंच इंधन होतं. उद्या शेवाळ जमेल, परवा जमेल, असं वाटत राहिलं आणि तुला खरं लिहायचा धीर झाला नाही. तुझ्या कोंबड्यांच्या तोंडचा घास मीच ओढत होतो. मला फार लाज वाटते.

वाटेल तेवढं बोल, पण पत्र थांबवू नकोस.
बारक्या

२१ सप्टेंबर

चि. बारक्यास, आशीर्वाद.

कोंबड्या गेल्या. भाव पाडून मागितल्या, दिल्या. खुराडं धुऊन ठेवलंय, सकाळी उगाच जाग येते. लंगडी कोंबडी तेवढी व्यापाऱ्यानं नेली नाही, ती दाराशी बसून असते. तुझा राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. कोपर शिवलंय, कोट पाठवतेय. पुन्हा फाटला की पाठव.

खिसे झटकू नकोस. लंगडीला खायला फार लागत नाही.

ताई